तिसरा सॅक्सोफोन

सेतुरामाचे आजोबा राजवाड्याच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत, म्हणून आपल्या हाती सॅक्सोफोन आला, असं सेतुराम सांगे. खरी गोष्ट वेगळी होती. लष्करी बँडातून निवृत्त झालेला नटराज १९५३ साली तंजावुरात परतला, त्याने जाझसाठी चौदा जणांचा ताफा जमवायला घेतला आणि फुंकणारी माणसं काही पुरेनात. तेव्हा कचेरीतल्या या कारकुनाच्या गळ्यात त्याने तिसरा सॅक्सोफोन अडकवला.

दर शनिवारी संध्याकाळी सहाला स्टेशनजवळच्या चंद्रविलास हॉटेलात ताफा वाजे. पांढरे कोट घालून सगळे ऐटीत बसत, आणि लोक दोसै खाता खाता ऐकत. मुख्य चाल पहिल्या सॅक्सोफोनची, नाहीतर नटराजाच्या ट्रंपेटची. तिसऱ्याच्या वाट्याला भरीचे सूर: दोन लांब, एक आखूड, मग गप्प. सगळ्यांत मिसळले की त्यांनी चालीला अंग येई. एकटे ऐकले तर ना चाल, ना राग.

घरी मात्र ते एकटेच ऐकू येत. कचेरीतून आला की सेतुराम अर्धा तास सराव करी. बायको वसुमती गाणं शिकलेली. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "हा कोणचा राग?"

"राग नव्हे. बाकीचे चाल वाजवतात, मी तिच्याखाली सूर धरतो."

"तंबुऱ्यासारखं?"

"तसंही नव्हे."

शेजारची अलमेलु तिथेच बसली होती. ती म्हणाली, "तंबुरा तरी एका सुरावर राहतो, अम्मा!"

हॉटेलात जाऊन ऐकावं, तर त्या घरातल्या बायका हॉटेलची पायरी चढत नसत. वसुमती तांदूळ निवडत तो अर्धा तास मुकाट्याने काढी. तिने नावं ठेवली असती तरी चाललं असतं, पण ती काही बोलतच नसे, आणि तेच सेतुरामाला खात असे. गाणं कळणारं घरातलं एकुलतं एक माणूस, आणि तिच्या लेखी आपण रोज उठून कटकट करतो!

अकरा वर्षं अशी गेल्यावर त्याने ठरवलं, पुरे. दिवाळीआधी वाद्य परत करायचं. "चौदांत एक कमी झाला तर कोणास कळणार?" तो वसुमतीला म्हणाला. ती नुसतं "बरं" म्हणाली. सेतुराम मनातून चांगलाच दुखावला.

त्याच महिन्यात हॉटेलमालक चिदंबराने बायकांसाठी पडद्याआड फॅमिली रूम काढली. सेतुरामाचा शेवटचा शनिवार आला. तिसरं गाणं ऐन रंगात असताना पडदा सरकला आणि मागे वसुमती दिसली. शेजारी अलमेलु. सेतुरामाचा श्वासच अडकला. बोटं जागेवर होती, पण फुंकर निघेना. चार मात्रा कोऱ्या गेल्या.

ताफा आपला पुढे चालला होता. नटराजाने मान वळवली नाही. एकाही माणसाचा घास थांबला नाही. आपण म्हणालो तेच खरं निघालं, म्हणून सेतुरामाला रडू यायचं बाकी राहिलं. उरलेली गाणी त्याने खाली मान घालून संपवली. नंतर नटराजाला सॅक्सोफोनची पेटी द्यायला गेला, तर तो मालकाशी बोलण्यात गुंतलेला. "माझ्या घरी ठेवून जा, वाटेतच आहे," एवढंच तो म्हणाला.

अलमेलु पुढे निघून गेली. ही दोघं मागून चालत होती.

"काफी पाणचट होती," वसुमती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तिसऱ्या गाण्यात मध्येच का थांबलांत? खालून एकदम रिकामं झालं. पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं मज."

सेतुराम थांबलाच. "तुज कसं कळलं? ताफ्यात कोणास कळलं नाही."

"अकरा वर्षं ऐकते की."

आणि ती चालता चालता गुणगुणू लागली. दोन लांब, एक आखूड, मग गप्प. पुन्हा दोन लांब. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. मग सेतुरामाने हळूच तिच्या सुरांवर वरची चाल धरली. अकरा वर्षांत ती त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. तो थोडा बेसूरच गात होता, पण वसुमतीने खालचे सूर सोडले नाहीत. नटराजाचं घर कधी मागे पडलं ते दोघांनाही कळलं नाही, आणि पेटी सेतुरामाच्या हातातच राहिली.