दिव्याला बांधलेली गोळी

आमच्या थोरल्या वन्संनी उभ्या आयुष्यात ‘मी बरी आहे’ या वाक्यावर एकदाही विश्वास ठेवला नाही. नणंद म्हटली की माहेरवाशिणीचा तोरा आणि भावजयीच्या भाकरीला नावं ठेवणं, हे माझ्या मैत्रिणींच्या वाट्याला आलं. माझ्या वाट्याला आली ती भेटल्याबरोबर डोळ्याची खालची पापणी ओढून आत रक्त किती आहे ते बघणारी नणंद. अंतरपाट नुकताच दूर झाला होता, वाजंत्री वाजत होती, आणि या बाईने पहिलं काय केलं असेल तर माझी बोटं हातात घेऊन नखं पाहिली आणि नवऱ्या मुलाला, म्हणजे स्वतःच्या भावाला, ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “पांढरी फटक आसत. हिका पालेभाजी घाल.” पंगतीत वाढायला त्यांना कुणी बोलावत नसे. आमटीचं भांडं घेऊन निघाल्या की तिसऱ्या पानापाशी थांबायच्या, भांडं खाली ठेवायच्या आणि बसलेल्या बाईच्या नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का ते बघायच्या. पुढची पंचवीस पानं आमटीची वाट बघत बसलेली असायची.

त्यांच्या नवऱ्याची बोट लग्नानंतर वर्षाच्या आत कुठेशी बुडाली. वन्सं मुंबईला गेल्या, नर्सिंग शिकून परत आल्या आणि मालवणच्या दवाखान्यात लागल्या. हातात काळी छत्री, काखेत रक्तदाब मोजायचं यंत्र, आणि चालणं असं की वाटेतली कुत्री बाजूला होत. दर मंगळवारी त्या माहेरी, म्हणजे आमच्याकडे, यायच्या. सासूबाई त्यांच्या सख्ख्या आई, पण लेक पुढच्या अंगणात, खळ्यात दिसली की त्यासुद्धा तंबाखूची डबी पदराखाली लपवायच्या.

माझ्या तिसऱ्या बाळंतपणात रक्त थांबेना. धाकटी झाली, रडली, तिला पुसून गुंडाळून ठेवलं, आणि मी मात्र हळूहळू लांब चालले होते. वेंगुर्ल्याहून डॉक्टरीणबाई आल्या म्हणून वाचले. जाताना त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की चौथ्या वेळी मला बोलवायला आलात तरी माझ्या हातात काही नसेल. हे मुंबईला गिरणीत होते, वर्षातून दोनदा यायचे, आणि त्यानंतर आले की घाबरून अंगणात झोपायचे. पाळणा थांबवायला ऑपरेशन करावं तर अंगात रक्त हवं, ते नव्हतं. लूप बसवला तर होतं तेही जायला लागलं, तो काढावा लागला. साठचं दशक संपत आलं होतं आणि मुंबईत तेव्हा दिवस न जाऊ देणारी ही नवीन गोळी निघाली होती. वन्संनी ओळखीच्या डॉक्टरांकडून ती लिहून आणली. पण लगेच दिली असती तर त्या वन्सं कसल्या! धाकटी अंगावर पीत होती तोवर पाकीट त्यांच्या ट्रंकेत कुलपात होतं. “दूध आटता ह्या गोळयेन. पोराच्या तोंडातला काढून तुका देव काय?” म्हणाल्या.

मग एका मंगळवारी माझी झडती झाली. रक्तदाब तीनदा मोजला. कावीळ कधी झाली होती काय, पायाच्या शिरा फुगतात काय, अर्धं डोकं दुखतं काय, छातीत गाठ आहे काय, सगळं विचारून झालं, आणि माझ्या उत्तरांवर विश्वास नसल्यामुळे सगळं स्वतः तपासूनही झालं. भावकीतल्या एका जावेला त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं होतं, कारण तिच्या पिंढरीत मागे एकदा रक्त गोठलं होतं. ती बिचारी वर्षभर वन्संशी बोलली नाही. मी पास झाले. त्यावर मी विचारलं, की एवढीशी गोळी पोटात जाऊन करते तरी काय? वन्संनी खळ्यात डालग्याखाली बसलेल्या कोंबडीकडे बोट दाखवलं.

“खुडूक झालली कोंबी अंडी घालता?”

“नाय.”

“कित्याक नाय? तिच्या आंगाक वाटता, आता उबवूचा काम आसा, नवीन अंडा नको. ही गोळी तुझ्या आंगाक तसाच सांगता. पोटात आदीच कोण आसा, नवीन अंडा सोडू नको. आणि तरी चुकान सुटलाच, तर दाराकडे दाट चिकट आडसर घालून ठेयता. पण आंगाक ह्या रोज सांगूक व्हया, त्याच वेळेक. एक दिवस गप ऱ्हवलंस तर आंग जागा होता.”

कित्येक दिवस मला त्या कोंबडीच्या नजरेला नजर देता येत नव्हती.

आता रोज त्याच वेळेला, हे दवाखान्यात सोपं. आमच्या घरातलं घड्याळ सासऱ्यांच्या हयातीतच बंद पडलेलं. वन्संनी दोन दिवस विचार केला आणि तोड काढली. तुळशीकडे दिवा लावायचा, की आधी गोळी आणि मग नमस्कार. पोटात चार घोट पेज घालून घ्यायची, म्हणजे मळमळ कमी. आणि कुठल्या दिवशी सुरू करायची, हेही आमच्या घरच्या रीतीतच बसलं. बायकांनी चार दिवस बाहेर बसायचं, दिव्याला हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी न्हाऊन आत आलं की दिवा आपला, आणि पहिली गोळीही त्याच संध्याकाळी. एकवीस दिवस एकवीस गोळ्या, मग सात दिवस बंद, त्यात पाळी येणार, पुन्हा पाचवा दिवस. वन्सं स्वतःवर इतक्या खूश झाल्या, की त्या दिवशी त्यांनी कोणाचीही पापणी ओढली नाही. पाकीट तुळशीच्या कोनाड्यात काड्यापेटीशेजारी ठेवलं आणि माझ्याकडून परवचा म्हणून घ्यावा तसं पाठ करून घेतलं. एकाच पायाची पिंढरी दुखून सुजली, छातीत कळ आली, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारलं, डोकं कधी नव्हे तसं ठणकलं, की गोळी बंद आणि वन्संना निरोप. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची आणि संध्याकाळची संध्याकाळी. आणि दोन चुकल्या तर? “तर गोळयेर इश्वास ठेवचो नाय. पाकीट संपवूचा, पण पुढची पाळी येयसर घोवाक लांब ठेवचो,” म्हणाल्या. घोव म्हणजे त्यांचाच भाऊ. मी पदर तोंडाशी धरला.

सात-आठ महिने हे घड्याळासारखं चाललं. माझ्या गालांवर रंग आला. मग त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर वन्संना देवी टोचण्याच्या कामावर तळेऱ्याकडच्या गावांत पाठवलं, आणि त्या गेल्यावर थोड्याच दिवसांत भावकीतले एक चुलत सासरे वारले. नव्वदीचे होते, कोणाला फार धक्का बसला नाही. पण भावकीला दहा दिवसांचं सुतक लागलं. देवपूजा बंद. तुळशीकडचा दिवा बंद. माझ्या त्या महिन्याच्या सहा गोळ्या झाल्या होत्या.

आज हे सांगताना मला स्वतःचाच राग येतो, पण खरं सांगायचं तर तेव्हा मनात शंकासुद्धा आली नाही. गोळी चुकवायची नाही हे मला पाठ होतं. पण मी चुकवली कुठे? दिवा नाही, म्हणजे गोळीही नाही. आणि सुतकात देवाच्या कोनाड्यात हात कसा घालणार? चुकणं वेगळं आणि बंद असणं वेगळं. अकराव्या दिवशी घर सारवलं, न्हाणं झालं, दिवा लागला, आणि मी मोठ्या भक्तिभावाने सातवी गोळी घेतली. दिवसकार्यासाठी हे आगबोटीने आले होते. तेराव्यानंतर आठवडाभर राहिले. आता गोळी आहे म्हटल्यावर त्यांनी अंगणात झोपणं सोडलं होतं.

ते मुंबईला गेल्यानंतर दोन दिवसांनी वन्सं तळेऱ्याहून परत आल्या. मंगळवार नव्हता, तरी थेट तुळशीपाशी गेल्या, पाकीट काढलं. ते आठवड्यापूर्वी संपायला हवं होतं. त्यात चार गोळ्या होत्या.

“ह्यो कसल्यो?”

“सुतक व्हता ना वन्सं. दिवो बंद व्हतो.”

त्यांनी गोळ्या बोटाने पुन्हा मोजल्या. वन्संना दिल्या घरचं सुतक, आमचं नाही. त्यांच्या मुक्कामाच्या खोलीतला दिवा त्या दहा दिवसांत एकदाही चुकला नव्हता, म्हणून त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

“भाऊ कधी गेलो?”

“परवा.”

“अंगणात झोपा व्हतो?”

मी जमिनीकडे बघत राहिले. सारवणातला एक काडीचा तुकडा मला अजून आठवतो.

वन्संनी चार गोळ्या स्वतःच्या बटव्यात टाकल्या. आता घ्यायच्या नाहीत, म्हणाल्या. गोळी थांबली की तीन-चार दिवसांत पाळी यायला हवी. नाही आली, तर. त्यापुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्याच पावली भावकीतल्या आणखी दोन घरी गेल्या, जिथे त्यांनी गोळी सुरू केली होती. तिथेही दिवे बंद, गोळ्या शिल्लक. पण त्या दोघींचे नवरे कार्याला आलेच नव्हते. वन्सं परत आल्या, ओटीवर बसल्या आणि म्हणाल्या, “चुकी तुझी नाय गो. दिव्याक मीच बांधलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो छत्रीसकट वन्सं ओटीवर हजर. रजा टाकली म्हणाल्या. दवाखान्याच्या इतिहासात त्यांनी रजा टाकलेली कोणाला माहीत नव्हती. कशाला विचारलं तर म्हणे, रातांबे फोडायला आलंय. रातांब्यांचे, कोकमाच्या फळांचे दिवस होतेच, ओटीवर टोपल्या भरलेल्या होत्या. पण वन्संना ते काम अजिबात येत नसे. सालं अर्धवट, बिया टोपलीबाहेर, कोपरापर्यंत लाल. आणि मी मागीलदारी गेले की मान वर. आत आले की मान वर. मी मुंडी हलवायची, त्या पुन्हा सुरी चालवायच्या. तिसरा दिवस गेला. चौथा गेला. पाचव्या दिवशी शेजारीण सहज चौकशीला आली, तर तिलाच ‘जीभ दाखय’ म्हणून हाकलून दिलं. सहाव्या दिवशी मला सकाळी मळमळलं. मी ते लपवलं, आणि त्यांच्यापासून काही लपवता येतं असं मला वाटलं, यावरूनच माझी अवस्था समजावी.

सातव्या दिवशी मी न राहवून विचारलं, “वन्सं, मी चौथ्याक वाचतलंय काय?”

दुसरं कोणीही असतं तर म्हणालं असतं, अगो देव आहे, काळजी करू नको. वन्सं म्हणाल्या, “माका ठावक नाय. गेल्या वेळेक तुझी नाडी माझ्या हातात व्हती. दोनदा गेली. तिसऱ्यांदा गेली तर परत येयत, असा मी कसा सांगू?” आणि उठून विहिरीवर हात धुवायला गेल्या. लाल रंग जाईना, घासतच बसल्या. धाकटी माझ्या मांडीवर होती. दोन वर्षांचीही झाली नव्हती. मी तिचे केस विंचरत बसले, विंचरलेलेच पुन्हा पुन्हा. मी गेले तर हिला माझा चेहरासुद्धा आठवणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

नवव्या दिवशी सकाळी मी मागच्या पडवीत जाऊन वेगळी बसले. आमच्याकडे त्याला तोंडाने सांगावं लागत नाही. बाई पडवीत बसली की घराला कळतं. वन्सं नेहमीच्या वेळी खळ्यात शिरल्या, मी ओटीवर दिसले नाही, तशा छत्री टाकून धावत मागे आल्या. मला बसलेली पाहिलं आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मग सरळ येऊन माझ्याजवळ, अगदी मांडीला मांडी लावून बसल्या, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

सासूबाई आतून ओरडल्या, “शिवलंस मा तिका! आता न्हावक होया!”

“न्हातंय गो आये, न्हातंय,” वन्सं म्हणाल्या. “आदी माका हंय बसांदे.” आणि तोंड पदरात घालून हुंदके देऊन रडायला लागल्या. मला सवय नव्हती, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्या महिन्यापासून गोळी रात्रीच्या जेवणाला बांधली गेली. सुतकात दिवा बंद होतो, जेवण कोणी बंद करत नाही, असं वन्सं घरोघरी सांगत फिरल्या. पुढे दोन वर्षांनी माझ्या अंगात रक्त भरल्यावर त्यांनीच मला ऑपरेशनला नेलं. वन्सं गेल्या तेव्हा माझी धाकटी बावीस वर्षांची होती. तिने मला विचारलं, की आजी गेली तेव्हासुद्धा तू एवढी रडली नाहीस, आत्यासाठी एवढं काय? पोरीला माझ्या हातचं जेवायची, माझ्याशी भांडायची, मला गृहीत धरायची सवय झाली होती. मी तिला काही सांगितलं नाही. ती बावीस वर्षांची झाली होती आणि तिला आई होती.