भरायची वाट न बघता

मोखाड्याच्या जीप स्टँडवर मी संघटनेचा अध्यक्ष झालो, कारण माझ्यावाचून दुसरं कुणी दोन्ही बाजूंना चालत नव्हतं. ड्रायव्हरांत त्या वर्षी दोन तट पडले होते. मी नुकताच भिवंडीहून परत आलेला, कुणाच्याच अध्यात-मध्यात नसलेला. शेत आमच्या घरात कधीच नव्हतं. वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाचरांत राबले आणि मी गोदामात गेलो. तिथे आधी माल चढवला, मग मालाच्या गाड्या सोडणाऱ्या साहेबांच्या हाताखाली लागलो. पुढे बायकोच्या माहेरच्यांनी हात दिला म्हणून एक जुनी जीप घेता आली आणि सूर्यमाळच्या रस्त्यावर चालवायला लागलो. अशा माणसाला स्टँडवरच्या लोकांनी खुर्चीत बसवलं याचं मला अजून नवल वाटतं, आणि बरंही वाटतं.

तेव्हाची पद्धत सोपी होती. गाडी भरली की सुटायची. ज्याचा नंबर असेल तो ‘सूर्यमाळ, सूर्यमाळ’ करत उभा राहायचा आणि पहिला येऊन बसलेला माणूस बसूनच राहायचा. कधीकधी त्याची दुपार तिथेच व्हायची. शेवटी गाडी निघायची तेव्हा आत इतकी दाटी असायची की वाटेतल्या पाड्यांवर उभ्या असलेल्यांना मागे लटकावं लागे, नाहीतर आम्ही नुसता हात हलवून पुढे जात असू. नंबरावरून भांडणं रोजची. बाजारच्या दिवशी एकाच म्हातारीची एक पिशवी एका जीपमध्ये आणि दुसरी पिशवी दुसऱ्या जीपमध्ये नेऊन ठेवलेली मी पाहिली आहे. म्हातारी मधेच उभी होती.

त्यात पोरांकडे मोटारसायकली आल्या. एकेका गाडीवर तिघं बसून वर निघून जायचे आणि आमच्या जीपा उन्हात तापत राहायच्या. धंदा बसतोय हे सगळ्यांना दिसत होतं. फक्त तो दुसऱ्यामुळे बसतोय असं प्रत्येकाला वाटत होतं.

गोदामात गाडीची वेळ ठरलेली असे. माल अर्धा असला तरी गाडी सुटायची. सुरुवातीला मला तो वेडेपणा वाटला होता. एकदा साहेबांना विचारलं, तेव्हा त्यांनी जेवणाचा डबा बाजूला ठेवून मला नीट समजावलं. गाडी कधी येणार हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच तो आपल्याकडे माल मागतो. आज अर्धी गेलेली गाडी उद्याचा माल आणते. मी माल चढवणारा माणूस, मला समजावायची त्यांना काही गरज नव्हती. तरी त्यांनी समजावलं, आणि ते माझ्या डोक्यात राहिलं.

अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच बैठकीत मी हे सगळं बोलून टाकलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठरलेल्या वेळी गाडी सोडायची, भरो न भरो. मी बराच वेळ बोललो. कुणी विरोध केला नाही, कुणी हो म्हटलं नाही. चहा संपला तसे एकेक जण उठून आपापल्या गाडीकडे गेले. शेवटी स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर तेवढे बसून राहिले. त्यांना सगळे काका म्हणत. डोंगरावर त्यांची थोडी नाचणीची शेती होती आणि स्टँडवर त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, “रिकामी गाडी घाटात न्यायची म्हनतोस. डिझेल कोन देनार, तू?” आणि तेही उठले.

पुढचे काही आठवडे मी तो विषय काढला नाही. माझी फेरी नसेल तेव्हा दुसऱ्यांच्या गाड्यांतून प्रवासी म्हणून बसून जायला लागलो. पाड्यांच्या फाट्यांवर उतरायचो, लोकांशी बोलायचो. लोकांचा राग जीपवर नव्हता. त्यांची जीपने जायची सवयच सुटली होती. दवाखान्यात जायचं तर कुणाच्या तरी मोटारसायकलची आर्जवं करायची, आणि तहसीलला काम असेल तर आदल्या दिवशीच खाली जाऊन नातेवाइकांकडे राहायचं. जीप त्यांच्या हिशेबातच राहिली नव्हती. हे मी ड्रायव्हरांना एकेकट्याला, टायर बदलताना, पान खाताना, असं सांगत राहिलो. तरुण मंडळी थोडी विचारात पडली. पण सगळ्यांचं म्हणणं एकच: काका काय म्हणतात?

म्हणून उन्हाळ्यात एका दुपारी मी काकांच्या घरी गेलो. सूर्यमाळच्या अलीकडच्या पाड्यावर त्यांचं घर होतं. विहिरीने तळ गाठला होता आणि त्यांची सून खालच्या झऱ्यावरून हंडा घेऊन नुकतीच वर आली होती. तिने त्याच हंड्यातलं पाणी तांब्या भरून माझ्यापुढे ठेवलं. त्या पाण्याला किती चढ चढावा लागला असेल ते मला कळत होतं. मी घोटभर पिऊन तांब्या खाली ठेवला, तर काका म्हणाले, पूर्ण पी. आमच्या वडिलांना अशा घरांतून ओंजळीत वरून पाणी ओतलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. मी तांब्या तोंडाला लावला आणि पूर्ण प्यायलो.

जीप घराच्या वर, उतारावर उभी होती. मी डिझेलचा विषय काढला. संघटनेच्या वर्गणीतून रिकाम्या फेरीचं डिझेल देता येईल असं म्हणालो. काकांनी ऐकून घेतलं आणि जीपकडे बघितलं.

“डिझेलचं नाय,” ते म्हणाले. “माझी गाडी सकाळची ढकलल्याबिगर चालू होत नाय. उतारावर लावतो म्हनून कुनाला कळत नाय. रातभर स्टँडवर सपाटीला उभी ठेवून सकाळी वेळेवर सोडायची म्हनशील, तर पयल्याच दिवशी माझी लाज जाईल. लोक म्हनतील, काकाची गाडी गेली, आता काकाला बसवा घरी.”

मी त्यांना हट्टी समजत होतो. खरं तर माझ्या त्या लांबलचक भाषणात त्यांच्या गाडीला जागाच नव्हती, आणि तशा आणखी दोन-तीन जुन्या गाड्या स्टँडवर होत्या. घरी परत येताना मी सगळी मांडणी मनात पुन्हा केली. सकाळच्या पहिल्या फेऱ्या नव्या गाड्यांना द्यायच्या आणि जुन्यांना दुपारच्या, म्हणजे इंजिन आधीच गरम असेल. मागच्या बाकावरच्या जागा वाटेतल्या पाड्यांसाठी मोकळ्या ठेवायच्या. आणि हे सगळं पाऊस लागेपर्यंतच करून बघायचं. नाही जमलं तर जुन्या पद्धतीवर यायचं. ‘करून बघू’ म्हटल्यावर माणसाचा जीव जरा हलका होतो हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. पहिल्या बैठकीत मी ‘बदलायचं’ म्हणालो होतो.

दुसऱ्या बैठकीत मी थोडंच बोललो. गाड्यांच्या वयाचा विषय कुणाचंही नाव न घेता मांडला. सगळे काकांकडे बघत होते. काका उठले आणि म्हणाले, “पयली सकाळची गाडी मी नेतो.”

मी घाईघाईने म्हणालो की काका, तुम्हाला दुपारची दिली आहे.

“पयली मीच नेनार. चालू नाय झाली तर ढकलायला तुमी सगळे हाव ना.”

आधी कुणाला काही कळलं नाही. मग कळलं, तसे सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्याने काकाच हसले. जे त्यांनी इतकी वर्षं उतारावर लपवलं होतं ते त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच सांगून टाकलं. त्या हसण्यानंतर स्टँडवर कुणाला फारसं समजावत बसावं लागलं नाही. मी आजवर पुष्कळ पुढाऱ्यांची भाषणं ऐकली आहेत. पण माणसं कशी बरोबर घ्यायची हे मी त्या एका वाक्यातून शिकलो.

ठरल्या सकाळी काकांची जीप खरंच चालू झाली नाही. दोन्ही तटांचे ड्रायव्हर मागे लागले, चहावाला हातातली गाळणी ठेवून आला, आणि सगळ्यांनी मिळून ती जीप मोखाड्याच्या रस्त्यावर ढकलली. इंजिन लागलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण सगळे दिसेनाशी होईपर्यंत जीपकडे बघत उभे राहिले. आत मी होतो आणि आश्रमशाळेत स्वयंपाक करणारी एक बाई होती. गाडी रिकामीच सुटली म्हणून ती घाबरली. सारखी विचारत होती, एवढ्या लवकर का नेताय, काही झालंय का?

पुढचे दिवस अवघड गेले. जीपा अर्ध्या रिकाम्या जात होत्या, येताना तर कधी नुसता ड्रायव्हर. लोक पाड्यांवरून बघायचे आणि आपल्या वाटेने चालत राहायचे. वर्गणी डिझेलमध्ये वितळत होती. मी स्टँडवरच्या भिंतीवर रंगाने वेळा लिहून घेतल्या होत्या, त्या भिंतीकडे बघायलाही मला नको वाटायचं.

अशातच बाजारच्या दिवशी एका ड्रायव्हरने वेळ झाली तरी गाडी सोडली नाही. गर्दी होती, भरून नेऊ असा विचार त्याने केला. मागची गाडी अडकली, तिच्या मागची अडकली आणि जुनी आरडाओरड पुन्हा सुरू झाली. तो ड्रायव्हर म्हणजे माझा मेहुणा. त्याच्याच घरच्यांच्या मदतीने माझी जीप आली होती. वेळ चुकवणाऱ्याची गाडी एक दिवस उभी ठेवायची असं बैठकीत ठरलं होतं. सगळं स्टँड मी काय करतो ते बघत होतं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की उद्या तुझी गाडी उभी राहील. तो निघून गेला.

घरी बायकोला आधीच कळलं होतं. तिने मला जेवायला वाढलं आणि समोर बसली. मला वाटलं, आता भावाची बाजू घेईल. ती एवढंच म्हणाली, त्याला सोडलं असतंस तर उद्यापासून स्टँडवर तुझं कोणी ऐकलं नसतं, आणि मला तुला रोज चिडलेला बघावं लागलं असतं. मग भावाकडे ती स्वतः जाऊन आली. त्यांचं काय बोलणं झालं ते मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मेहुणा गाडी बाजूला लावून दिवसभर स्टँडवर इतरांच्या गाड्या वेळेवर सोडत उभा होता. मी त्याला तसं सांगितलेलं नव्हतं.

पावसाला थोडेच दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. मी काकांच्या दुपारच्या फेरीत पुढच्या सीटवर बसलो होतो. सूर्यमाळच्या चढाआधी एका पाड्याचा फाटा लागतो. तिथे सावलीला एक झाड नाही. त्या दिवशी वळण घेतलं तर तिथे चार मेढी रोवून वर पाचोळ्याचं छप्पर घातलेलं, आत बसायला सपाट दगड मांडलेले, आणि दोन बाया, एक म्हातारा आणि कडेवरचं मूल असे सगळे जीपची वाट बघत बसलेले. त्यांना तसं करा म्हणून आमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं. जीप येणार हे धरून त्यांनी आपलं आपण ते बांधलं होतं.

काकांनी गाडी थांबवली. लोक आत चढत असताना ते खाली उतरले आणि त्या मांडवात जाऊन दगडावर बसले. म्हाताऱ्याने विचारलं, काय झालं, गाडी बिघडली का? काका म्हणाले, “नाय. जरा बसून बघतो.” थोडा वेळ ते तसेच बसले. मग परत आले, आणि वर पोचेपर्यंत गाडी त्यांनी फार जपून चालवली.

पाऊस लागला, आणि जुन्या पद्धतीवर जायचं का, हे विचारायचं सगळेच विसरले. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. मोटारसायकली वाढतच गेल्या, घाटात दरड आली की वेळा कोलमडतात, आणि दोन ड्रायव्हर कंटाळून ठाण्याला निघून गेले. पण पाड्यांवरचे लोक पुन्हा जीपने जायला लागले, आणि भांडणं कमी झाली.

माझी मुदत संपल्यावर पुढचा अध्यक्ष म्हणून स्टँडने माझ्या मेहुण्याला निवडलं. त्याने पहिल्याच महिन्यात मी ठरवलेल्या वेळा बदलल्या. शाळा सुटायच्या वेळेप्रमाणे दुपारच्या फेऱ्या पुढे घेतल्या, मला न विचारता. खरं सांगतो, दोन दिवस मला ते लागलं. मग एका दुपारी त्या नव्या वेळेला जीप नेली, तर दप्तरं पाठीला लावून मुली रांगेने उभ्या होत्या. इतके दिवस त्या चालत वर जात होत्या आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मेहुण्याला मी तसं जाऊन सांगितलं. तो लाजला आणि चहा मागवला.

काकांनी नंतर जीप विकली. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. आता ते बाजाराला प्रवासी म्हणून येतात, माझ्या गाडीत पुढे बसतात आणि भाडं दिल्याशिवाय उतरत नाहीत. वेळेच्या आधीच येऊन बसलेले असतात. मागच्या बाजाराला मी कुणाशी तरी बोलत उभा होतो, तर आतून त्यांनी हॉर्न दाबला.

“वेळ झाली,” ते म्हणाले. “चल.”

मी चढलो आणि गाडी सोडली. आत तीनच माणसं होती.