भरलेली गाडी, रिकामी गाडी

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये डेटाबेस मी सांभाळायचो. मालकांनी व्याह्यांच्या मोबाइलवर रंगीत डॅशबोर्ड पाहिला आणि तो आपल्याकडे नाही म्हणून त्यांना अन्न गोड लागेना. आठवड्यात पुण्याहून सल्लागार हजर. चहात साखर जास्त, हवेत ऊन जास्त, अशी त्याची सगळ्याबद्दल तक्रार. माझ्याकडे त्यानं फक्त पासवर्ड मागितला.

"टेबलं मी बघून घेतो, सर. डेटाबेस सगळीकडे सारखाच."

आमच्याकडे तुरीची गाडी वजनकाट्यावर दोनदा चढते. आधी भरलेली, मग माल उतरवून रिकामी. एका टेबलात पावतीचं निव्वळ वजन, दुसऱ्यात ही दोन वजनं, दोन वेगळ्या नोंदी म्हणून. ती टेबलं बनवताना मी आठवडाभर काट्यावरच्या नानांच्या केबिनीत बसलो होतो. सगळं त्यांनीच शिकवलं. या शहाण्यानं काहीही न विचारता दोन्ही टेबलं पावती नंबरावर जोडली. प्रत्येक पावती दोनदा आली आणि तूर दुप्पट झाली.

मला पहिल्याच दिवशी दिसलं. एक ओळ बदलायची होती. पण म्हटलं, राहू दे. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर याची जिरवू. तोवर मी मजेत शेव-मुरमुरे खात होतो.

मालकांना शुक्रवारपर्यंत धीर कुठला! बुधवारीच त्यांनी मोबाइलवर डॅशबोर्डचं तुरीचा साठा दाखवणारं रंगीत वर्तुळ पाहिलं, गोदामात जाऊन पोती पाहिली. निम्मीच. स्वतःच्या गोदामात किती पोती मावतात हे ज्यांना आयुष्यात कळलं नाही, त्यांना वर्तुळ मात्र लगेच कळलं. वीस वर्षं काट्यावर बसलेल्या नानांना हमालांदेखत चोर म्हणून त्यांनी घरी पाठवलं.

मी धावत जाऊन ओळ बदलली. आकडा जुळला. "रिफ्रेशचा प्रॉब्लेम होता," सल्लागार म्हणाला, आणि मालकांनी मान डोलावली. माफी मागायला जायला मालकांना गाडीसुद्धा काढावी लागली नसती, नाना मिलच्या मागेच राहायचे. तरी त्यांनी 'कामावर या' एवढा निरोपच पाठवला.

नाना आले ते केबिनीतला डबा आणि चष्मा न्यायला. जाताना माझ्या टेबलापाशी थांबले.

"भाऊ, भरेल गाडी बी मीच मोजस, रिकामी बी मीच. हाई तुले पहिलेच मालूम व्हतं ना?"

मी "नाही" म्हणालो. तो सल्लागार निदान खरोखर अडाणी होता.