चांदीसकट वजन

परवा नातीने मोबाईलवर काहीतरी वाचून दाखवलं. म्हातारपणी नुसत्या वजनावर जाऊ नका, आकडा तोच राहतो आणि आतलं मांस झिजत जातं, असं आता संशोधनातून कळलंय म्हणे. मी म्हटलं, आता कळलं?... आमच्या सासूबाईंच्या पायातल्या चिंधीला हे चौसष्ट सालीच माहीत होतं.

तेव्हा मला लग्न होऊन शहाद्याजवळच्या एका गावात येऊन दीडेक वर्ष झालं होतं. तिथल्याच शाळेत शिकवत होते. कापसाची वेचणी सुरू होती, आणि अशात एक दिवस तालुक्याहून निरोप आला... साठीच्या पुढच्या माणसांची तपासणी करायला डॉक्टर येणार, म्हातारपणी प्रकृती कशी राहते याची पाहणी आहे, रजिस्टर लिहायला शाळेतल्या बाईंनी बसावं.

म्हणजे मी.

डॉक्टर शहरातले होते, इस्त्रीचे कपडे, सारखं घड्याळाकडे बघणं. शाळेच्या ओट्यावर त्यांनी वजनाचा काटा मांडला. नियम सोपा होता. बायकांमध्ये चाळीस किलोच्या खाली जी भरेल, तिला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. वर भरली की 'उत्तम' लिहायचं आणि पुढची बोलवायची.

आमच्या सासूबाई, सगळं घर त्यांना माय म्हणायचं, वर्षभर खोकत होत्या. जेवण दोन घासांवर आलं होतं. धुळ्याला चला म्हटलं की त्यांचं एकच... "वय व्हयनं, आते काय दवाखाना." पण चिठ्ठी मिळाली तर सरकारी कागद म्हणून तरी जातील, अशी माझी आशा होती. त्या दिवशी त्यांना काट्यापर्यंत आणताना माझ्या नाकी नऊ आले होते.

माय काट्यावर चढल्या. डॉक्टर म्हणाले, "साडेएक्केचाळीस. उत्तम."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं... आणि डोकंच फिरलं.

आमच्याकडे त्या पिढीच्या बायकांच्या पायात भरीव चांदीची कडी असायची. लग्नात चढवलेली, नवरा असेपर्यंत न उतरणारी. मायच्या दोन्ही पायांतली मिळून दोन किलो तरी असतील. आमची माय त्या चांदीच्या जोरावर 'उत्तम' झाली होती.

मी डॉक्टरांना म्हटलं, कडी वजा करा. ते हसले. म्हणाले, "बाई, दागिन्यांचे हिशोब करत बसलो तर संध्याकाळ होईल. काढायला सांगा, नाहीतर पुढे चला."

माय ओट्याच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. समोर निंबाखाली माझे सासरे बसलेले. त्यांच्याकडे एकदा बघून माय म्हणाल्या, "मन्हा धनी जित्ता शे. मी कडा काढाव नही."

आता मला राग आवरेना. डॉक्टरांचा, काट्याचा, मायचा, सगळ्यांचाच. मी लेखणी ठेवली, त्यांच्या पायाशी बसले आणि कड्याखालची चिंधी सोडायला लागले. कडं सैल पडून घोट्यावर आपटू नये म्हणून त्या ती गुंडाळायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचा एक वेढा होता... त्या दिवशी मी सात मोजले.

"काय करी ऱ्हायनी तू?" माय ओरडल्या. तोवर चिंधी सुटली होती. कडं आपलं आपण टाचेवरून घसरलं आणि खाली फरशीवर वाजलं.

माय पदरात तोंड लपवून रडायला लागल्या. चारचौघांत मी त्यांना नको ते करायला लावलं होतं.

सासरे उठले. ते माझ्याशी कधी थेट बोलायचे नाहीत, आणि त्या दिवशीही बोलले नाहीत. सावकाश चालत आले, कडं उचललं. मग स्वतः मायच्या दुसऱ्या पायाची चिंधी सोडली. दोन्ही कडी धोतराच्या सोग्यात धरून डॉक्टरांना म्हणाले, "मी जित्ता बसेल शे ना, साहेब. आते तोला."

काटा चाळीसच्या खाली थांबला. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, रजिस्टरात खाडाखोड होणार म्हणून मला चार शब्द सुनावले, पण चिठ्ठी दिली. मी 'उत्तम' खोडलं, कागद फाटेपर्यंत खोडलं.

मायच्या फुप्फुसात क्षय निघाला. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. दोन वर्षांनी चिंधीचा पुन्हा एकच वेढा राहिला, आणि त्यानंतर त्या दहा वर्षं जगल्या. सासऱ्यांच्या त्या चार शब्दांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

इथवर मी सगळ्यांना सांगत आले आहे. नातीलाही इतकंच माहीत होतं.

पण त्या दिवशी रांगेत मायच्या मागे आमच्या शेजारच्या जमनाकाकू होत्या. त्यांच्याही पायात कडी होती. मी मायचे डोळे पुसून, तावातावाने परत रजिस्टरपाशी येऊन बसले, तोवर काकू काट्यावर चढल्या होत्या. डॉक्टर घाईत म्हणाले, "एक्केचाळीस."

काकू खूश झाल्या. माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "मन्हं चांगलं भरनं ना वं?"

मी हो म्हटलं... आणि चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, उत्तम.

होळीच्या आधी काकू गेल्या. त्यांना शेवटची आंघोळ घालायला मी होते. कडी काढताना कुणाला जोर लावावा लागला नाही... चिंधीचे वेढे नऊ होते.