रिलेतली काडी

भवानी पेठेत आमचा एकच माग, त्यावर पाच जणांचं पोट. स्टार्टरमधला रिले मोटार सारखी बंद पाडायचा, म्हणून ह्यांनी वैतागून त्यात काडी खुपसली. मग काय, जळका वास सुटला! रस्त्यानं सायकलवर चाललेला एक वायरमन मीच हाक मारून आणला. त्यानं माग थांबवला आणि पोराचा ताप बघावा तसा उलटा हात मोटारीला लावला. नंतर काडी काढून ह्यांच्या हातात दिली.

"रिले चांगला हाय की, मालक. मोटार जळंल म्हणून वरडत हुता, तुमी त्याचंच तोंड दाबलं."

मोटारीच्या पंख्यात अडकून तिला तापवणारा ओंजळभर कापूस त्यानं काढला. माग चालू झाला. रिलेला त्यानं नुसतं पुसलं हो, बाकी काही नाही.

ह्यांनी ती काडी देव्हाऱ्यात ठेवली, रोज डोळ्यांसमोर राहावी म्हणून. मी हसले नाही.