मुरमाच्या रस्त्यावरचे साडू

माझ्या साडूंनी जगातली कुठलीही गोष्ट नुसती पाहिली, असं आजवर झालेलं नाही; पाहता पाहता त्यांनी ती मोजलेलीच असते. भूमापकाची नोकरी करून माणूस असा होतो, की असा माणूसच भूमापक होतो, हे मला वीस वर्षांत उलगडलेलं नाही. माझ्या लग्नात वरात दारात उभी असताना हे पावलांनी मांडव मोजत होते, आणि तो ठरल्यापेक्षा चार फूट आखूड आहे हे मांडववाल्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय त्यांनी अक्षता हातात घेतल्या नाहीत. पुंडलिकनगरातल्या आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला बाकीचे पाहुणे जेवणाची तारीफ करत होते, तेव्हा साडू हॉलच्या कोपऱ्यात उकिडवे बसून म्हणाले, "भिंत काटकोनात नाय. पण ऱ्हायला काय हरकत नाय." तेव्हापासून त्या कोपऱ्यातलं कपाट मला कललेलं दिसतं.

डांबरी सडकेशी त्यांचं कधी जमलं नाही. फुलंब्रीच्या कचेरीत जायला बस होती, मोटारसायकल होती, पण हे रुंद टायरांच्या सायकलवरून पाणंदीनं, बांधाबांधानं, कालव्याच्या कडेनं जायचे आणि टेबलाशी बसायचे तेव्हा मिशीपर्यंत लाल झालेले असायचे. "डांबरावर माणूस भेटत नाय, निस्ते हॉर्न भेटतात," असं त्यांचं म्हणणं. त्या पट्ट्यातलं एकही शेत असं नव्हतं, जिथं त्यांनी एकदा तरी मोजणी केली नाही आणि एकदा तरी चहा घेतला नाही.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका मोजणीत पावसानं भुसभुशीत झालेला बांध खचला आणि साडू खालच्या ओढ्यात दगडांवर पडले. डाव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. पाय एक इंचानं आखूड राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा पलंगावर पडल्या पडल्या यांनी टेप मागवला आणि म्हणाले, "पाऊण इंच हाय, साहेब. कागदावर नीट लिवा." चांभाराकडून डाव्या बुटाला जाड तळ लावून घेतला आणि सहा महिन्यांत ते पुन्हा सायकलवर दिसू लागले. कचेरीनं मात्र त्यांना आतल्या खोलीत जुने नकाशे संगणकावर उतरवायला बसवलं. शिवारातलं काम परत मिळावं म्हणून त्यांनी तीन अर्ज केले. तिन्ही परत आले, वर शेरा, 'शारीरिकदृष्ट्या अक्षम.' तिसरा अर्ज त्यांनी आम्हाला वाचून दाखवला आणि घडी घालून खिशात ठेवला. समोरच्या कागदातली चूक साडूंनी दुरुस्त केली नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी सायकलच्या शर्यतीला नाव दिलं. दोनशे किलोमीटर, बहुतेक सगळा मुरूम आणि गाडीवाट. शहरातून फुलंब्रीवरून देवगाव रंगारी, तिथून परत त्याच वाटेनं शहर. पहाटे पाचला निघायचं, संध्याकाळी सातच्या आत पोचायचं. त्यांचं वय चोपन्न. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ही बातमी ऐकली आणि सायकलला कुलूप लावून किल्ली लपवली. साडूंनी वाद घातला नाही. ते पहाटे चारला उठून इमारतीचे तीन जिने चढू-उतरू लागले, एक बूट जाड आणि एक पातळ, धप-टक, धप-टक. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे लोक ताईंना भेटायला आले, आणि सहाव्या दिवशी किल्ली टेबलावर होती.

शर्यतीच्या दिवशी ताई आणि मी माझ्या गाडीतून थांब्या-थांब्यावर पुढं जाऊन उभे राहत होतो. मदत फक्त थांब्यावरच करायची, असा नियम होता. देवगावला साडू आले ते आमच्या अंदाजापेक्षा अर्धा तास आधी. अंगभर लाल धूळ, नुसते डोळे आणि दात ओळखू येत होते. ताईंनी भाकरी पुढं केली. एवढ्यात शेजारच्या शेतातून दोघं म्हातारे भाऊ लगबगीनं आले.

"मोजणीवालं साहेब तुमीच ना?" थोरला म्हणाला. "ह्यो माझा भाऊ म्हणतो, बांध म्या त्याच्या रानात सरकवलाय."

"भाऊ, शर्यत चालू आहे," मी कळवळून साडूंना म्हणालो.

"व्हय, पण यांचं सात वर्षं चालू हाय," असं म्हणून साडू भाकरी हातात घेऊन लंगडत शेतात गेले. त्यांनी निंबाच्या बुंध्याजवळचा हद्दीचा जुना दगड उकरून दाखवला आणि दोघा भावांना त्यावर हात ठेवायला लावला. अर्धा तास तिथंच गेला.

परतीच्या वाटेवर त्याची भरपाई करायला ते जोरात निघाले असावेत. फुलंब्रीच्या थांब्यावर आले ते उजव्या पायानं एकटं पायडल मारत. डावा पाय खाली लोंबत होता. उतरायला गेले आणि आडवेच झाले. मांडीत असा गोळा आला होता की पाय सरळ होईना. शर्यतीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय चेपला, तपासला. साडेचार होत आले होते, आणि शहराकडच्या शेवटच्या टप्प्यात मोठा चढ होता.

"काका, हाड शाबूत आहे, पण स्नायूत आता जोर नाही," त्या म्हणाल्या. "माझं ऐका, इथंच थांबा. पुढं गेलात तर तुमच्या जबाबदारीवर."

साडूंनी मान वर करून ताईंकडं पाहिलं. मीही पाहिलं. आता सुटलो, असं मला वाटलं. ताई त्यांना कॉलर धरून गाडीत घालतील याची खात्री होती. ताई खाली बसल्या, पदरानं त्यांच्या डोळ्यांवरची धूळ पुसली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "ह्यांला थांब म्हणणारे लई झाले, बाई. जाऊ द्या. जबाबदारी माझी."

 साडूंनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून पायडलवर ठेवला आणि ते निघाले.

चढाच्या माथ्यावर आम्ही वाट पाहत थांबलो. बाकीचे कधीच पुढं गेले होते. उन्हं कलली, थंडी सुटली, आणि खालच्या वळणावर ते दिसले. सायकल हातात धरून चालत होते, दर पंधरावीस पावलांनी थांबून मांडीवर बुक्क्या मारत होते. ताई हळू आवाजात, पण ते ऐकत असल्यासारख्या बोलत होत्या, "चला. चला. आलंच." माथ्यावर पोचताच साडूंनी आमच्याकडं न बघता टांग मारली आणि उताराला लागले. शेवटच्या पट्टीवरून ते गेले तेव्हा सातला नऊ मिनिटं कमी होती. सायकलवरून उतरता येईना, म्हणून चार पोरांनी त्यांना सायकलसकट उचललं. त्या उंचीवरून ते ताईंकडं बघून हसत होते, आणि ताई दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होत्या.

चौथ्या अर्जाला त्यांनी शर्यतीचं प्रमाणपत्र जोडलं. वैद्यकीय मंडळानं बोलावलं, तपासलं, जुना शेरा काढून टाकला आणि शिवारातलं काम परत मिळालं. फक्त मिळालं ते जिल्ह्याच्या पार टोकाच्या तालुक्यात. तिथं खोली घेऊन राहतात, महिन्यातून एकदा येतात, रापलेले आणि भलतेच खूश. रविवारी ताई आमच्याकडं जेवायला असतात. घर आता फार शांत झालंय, असं त्या म्हणतात. परवाही तसंच म्हणाल्या, आणि मग गॅलरीत जाऊन बराच वेळ रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. मी हाक मारणार तोच बायकोनं मला खुणेनं थांबवलं. आम्ही ताट वाढून त्यांची वाट पाहत बसलो.