बस गोइंग

इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्याचा मला इतका माज होता, की त्यापायी मी समोर उभी असलेली बस घालवली. तेव्हा नवी नवरी, नवी दिल्ली आणि नोकरीचा पहिला आठवडा. उशिरा येणाऱ्याला साहेब घरी पाठवत.

आर. के. पुरमच्या स्टॉपवर रोज एक तमिळ बाई भेटायच्या. केसांत ताजा गजरा, काखेत डबा. हिंदीच्या नावानं दोघींचीही बोंब, म्हणून आमचं इंग्रजीत चाले. त्यांच्या इंग्रजीत शब्द वाटेल तिथे बसत, अगदी दिल्लीच्या बसमधल्या माणसांसारखे.

त्या दिवशी बाई बसच्या दाराशी जाऊन ओरडल्या, "बस गोइंग! फास्ट यू कम!"

आणि मी शहाणी जागेवरूनच म्हणते कशी, "असं नाही हो, आधी 'यू', मग 'कम', 'फास्ट' शेवटी!"

तेवढ्यात बस सुटली. माझ्यासाठी थांबलेल्या बाईंचीही गेली. मी रडकुंडीला आले, तर त्या पोट धरून हसताहेत!

पुढची बस पुरती थांबायच्या आत त्यांनी खिडकीतून आत रुमाल टाकला, जागा धरली आणि मला दंडाला धरून वर ओढलं. एका सीटवर दोघी दाटीनं बसलो. मी ऑफिसात कशीबशी वेळेत पोचणार होते. उतरताना आभाराचं छानसं पुस्तकी वाक्य मनात जुळवत राहिले. माझे हलणारे ओठ पाहून बाई म्हणाल्या,

"टुमॉरो आल्सो सेंटेन्स यू मेक. सीट आय कॅच."